एनजीआर आतून तुटला तर चालू प्लांटमध्ये कळतं का?

नाही, 6.6 केव्ही ट्रान्सफॉर्मरचा एनजीआर, म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला रेझिस्टर, आतून तुटला तर रोजच्या चालण्यात काहीच कळत नाही, आणि त्याच्या भरवशावरचा अर्थ फॉल्ट रिले (फेज अर्थला लागली की ब्रेकर ट्रिप करणारं उपकरण) मात्र निकामी झालेला असतो. तिन्ही फेज ठीक असताना न्यूट्रलमधून जवळपास करंटच जात नाही. मीटर आधीही शून्यावर, तुटल्यावरही शून्यावर. फॉल्ट करंट 400 अँपिअरवर रोखायचा तर रेझिस्टर साधारण 9.5 ओहमचा असतो. तो तुटला की सिस्टीम अनअर्थ्ड होते, म्हणजे न्यूट्रलचा अर्थशी जोड उरत नाही. मग एक फेज अर्थला लागली, की उरलेल्या दोन फेजवर अर्थच्या तुलनेत 3810 ऐवजी 6600 व्होल्ट येतात, आणि फॉल्ट थांबून थांबून ठिणग्या टाकणारा असेल तर त्याहूनही जास्त. ब्रेकर ट्रिप होत नाही आणि दुसरीकडचं केबल टर्मिनेशन किंवा मोटरचं वाइंडिंग जातं. मी मेंटेनन्सचं काम करतो, त्यावरून सांगतो:

- दर शटडाउनला न्यूट्रल लिंक काढून रेझिस्टन्स लो-ओहम मीटरने मोजा. मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) 9 ओहम आणि 0 ओहम सारखेच दिसतात! रेझिस्टरच्या आतल्या ग्रिडच्या जोडांचे बोल्ट पाना लावून बघा, गंज तिथेच धरतो.
- कायमचा उपाय म्हणजे एनजीआर मॉनिटर, म्हणजे रेझिस्टर शाबूत आहे का हे सतत बघणारं उपकरण, आणि जोडीला ओपन डेल्टा पीटीवरचा (तिन्ही फेजच्या व्होल्टेजची बेरीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल डिस्प्लेसमेंट रिले, जो न्यूट्रलचं व्होल्टेज सरकलं की उचलतो.

केबलचं जाळं मोठं असेल तर केबलमधून अर्थकडे जाणाऱ्या कपॅसिटिव्ह करंटवर सीबीसीटीचा (तिन्ही फेजभोवती बसवलेल्या एकाच करंट ट्रान्सफॉर्मरचा) संवेदनशील रिले उचलूही शकतो, पण कृपा करून त्यावर विसंबू नका.