१२ व्होल्ट आणि ९ व्होल्ट एकाच मांडणीत: आधी जोड ठरवा, गाव नंतर वसवा

तुमचा प्रश्न असा: मामांनी कोलोनहून आणलेला लेगोचा १२ व्होल्टचा राखाडी रुळांचा संच (७७४० इंटरसिटी) माळ्यावर सापडला. ९ व्होल्टचे धातूचे रूळ, रेग्युलेटर आणि दोन मोटरी तुम्ही सेकंडहँड घेतल्या. आता सुटी होणारी मांडणी करायची आहे, म्हणजे एरवी ती पलंगाखाली राहील आणि सोसायटीच्या गणपतीत हॉलमध्ये लागेल. दोन्ही गाड्या एकाच रुळावर पळतील का?

नाही पळणार, आणि तसा हट्टही धरू नका. १२ व्होल्टच्या मांडणीत धावायचे रूळ नुसते प्लॅस्टिकचे. वीज येते ती मधल्या दोन वेगळ्या पट्ट्यांतून, आणि मोटरच्या पोटाखालची संपर्कं त्यांच्यावर घासत जातात. १९९१ साली आलेल्या ९ व्होल्टमध्ये मधल्या पट्ट्या गेल्या. धावायच्या रुळांवरच धातू चढला आणि चाकंच वीज उचलू लागली. दोन्हीकडे रुळांमधलं अंतर सारखं, त्यामुळे डबे इकडचे तिकडे चालतात, मोटर मात्र चालत नाही. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्टच्या रुळांना लावून 'बघू तरी' असं करू नका. मोटर त्या दिवशी झकास पळेल आणि पुढच्या हौसेला मुकेल.

माझं मत: ९ व्होल्टची गोल मार्गिका मुख्य ठेवा, दिवसभर तीच फिरेल. १२ व्होल्टची मार्गिका तिच्यासमोर वेगळी, सरळ, इकडून तिकडे जाणारी. जुन्या पद्धतीची खरी गंमत तिथेच आहे. राखाडी काळात, म्हणजे १९८० नंतर, १२ व्होल्टसाठी विजेवर बदलणारे सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या फाट्यावर नेणारे), सिग्नल, डबे सोडवायची यंत्रणा, रेल्वे फाटक असं सगळं मिळायचं, आणि त्यांची बटणं ट्रान्सफॉर्मरला शेजारी खटाखट जोडता यायची. ९ व्होल्टला कंपनीने विजेचा सांधा दिलाच नाही, पिवळा दांडा हाताने ढकला. नवीन ते सगळं पुढचंच असतं असं नाही. सोसायटीतल्या पोरांना बटण दाबून सांधा बदलू द्या, फिरणाऱ्या गाडीकडे ती ढुंकून बघणार नाहीत.

आता मोजमाप, कारण इथेच बहुतेकांचं लाकूड वाया जातं. स्टड म्हणजे लेगोवरचा गोल उंचवटा, एका स्टडची जागा ८ मिलिमीटर. सरळ रूळ १६ स्टड, म्हणजे १२.८ सेंटिमीटर. वळणाचे १६ तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ, त्रिज्या रुळाच्या मध्यापर्यंत ४० स्टड. ३२ स्टडची बेसप्लेट, म्हणजे खाली अंथरायची सपाट पाटी, २५.६ सेंटिमीटर, ४८ स्टडची ३८.४. आता बघा कसं जुळतं: पाव वर्तुळाचं केंद्र ४८ च्या प्लेटच्या कोपऱ्यावर धरलं, तर रूळ कडेला ३६ ते ४४ या स्टडांवर येतो आणि बाहेर ४ स्टड उरतात. म्हणून सरळ मॉड्यूलवरही (मॉड्यूल म्हणजे मांडणीचा एकेक सुटा होणारा भाग) बाहेरच्या कडेपासून ४ स्टड सोडून रूळ टाकायचा. हा एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा. मॉड्यूल कुठल्याही क्रमाने लावा, रूळ समोरासमोर येणारच.

चार कोपरे, आणि दोन लांब बाजूंना ३२ च्या तीन-तीन प्लेटांचं एकेक सरळ मॉड्यूल. एकूण मांडणी १५३.६ बाय ७६.८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण सहा जणांच्या जेवणाच्या टेबलाएवढी. रूळ सोळा वळणाचे, बारा सरळ, एक फेरी साडेतीन मीटरची. दोन सरळ मॉड्यूलांच्या मधे २५.६ सेंटिमीटरची मोकळी जागा राहते, तिथे बरोबर एका प्लेटेच्या रुंदीची ओळ बसते. वाडी, देऊळ, काय हवं ते तिथे वसवा. पुढे वाढवायचं असेल तर दोन्ही बाजूंना एकेक सरळ मॉड्यूल घाला, बाकी काही बदलत नाही. १२ व्होल्टसाठी अशीच तीन सरळ मॉड्यूलं एका रांगेत, २३० सेंटिमीटर. घरात नाही मावली तर हॉलमध्येच लावा.

बेसप्लेटला खालून पकड नसते, ती कशावर बसवता येत नाही. म्हणून खाली ६ किंवा ९ मिलिमीटरचा प्लाय. सुताराला ७६.८ सांगू नका, ७६.६ सांगा. प्लाय प्लेटेपेक्षा किंचित आत राहिला पाहिजे. लेगोचा तुकडा अचूक असतो, करवत नसते, आणि आपल्या पावसाळ्यात प्लाय फुगतो ते वेगळंच. तो बाहेर आला की प्लेटा एकमेकींना टेकतच नाहीत, आणि चार जोडांनंतर रूळ अर्धा सेंटिमीटर कमी पडतो. मॉड्यूलच्या कडेला भोकांच्या टेक्निक विटा लावून दोन मॉड्यूलं पिनांनी जोडायची. पिनांची जागा सगळ्या मॉड्यूलांवर एकच, रुळाची उंचीही एकच. वीट ९.६ मिलिमीटर, पातळ प्लेट ३.२, तीन पातळ प्लेटांची एक वीट होते. रूळ एका विटेच्या उंचीवर ठरवला तर सगळीकडे तोच. हॉलमधली टेबलं कधीच सपाट नसतात, पुठ्ठ्याचे तुकडे खिशात असू द्या.

सरळ मॉड्यूलच्या दोन्ही टोकांचा शेवटचा रूळ स्टडांवर दाबून बसवू नका, नुसता टेकवून ठेवा. मॉड्यूल बोटभर लांब ठेवून आधी रूळ एकमेकांत अडकवा, मग मॉड्यूल सरकवून पिना लावा, शेवटी मोकळा रूळ दाबा. उलट क्रमाने केलंत तर जोर लागतो, आणि ९ व्होल्टच्या रुळाच्या टोकाची धातूची पट्टी वाकली की तो जोड कायमचा रुसतो. १२ व्होल्टला काम दुप्पट: स्लीपर वेगळे, दोन रूळ वेगळे, मधल्या दोन पट्ट्या वेगळ्या, म्हणजे प्रत्येक जोडाला चार टोकं सांभाळायची. तीनच मॉड्यूलं सुचवली ती याचसाठी.

आता वीज. माझी पहिली जाहीर मांडणी दहा-अकरा मीटरची होती, इथे जर्मनीतल्या एका गावच्या सभागृहात. रेग्युलेटर एका टोकाला, गाडी तिथे वाऱ्यासारखी, आणि पलीकडच्या बाजूला जाऊन म्हाताऱ्यासारखी धापा टाकायची. प्रत्येक जोडावर थोडी थोडी वीज अडते आणि लांबवर ती बेरीज होते. उपाय ठाऊक होता: त्याच रेग्युलेटरवरून दुसरी तार पलीकडे. घाईत ती उलटी लावली. दोन्ही रूळ एकमेकांना भिडले, म्हणजे सरळ शॉर्ट. गाडी मेली, रेग्युलेटर गरम झाला आणि बंद पडला. प्रेक्षकांत एक आजोबा होते, ते शांतपणे म्हणाले, 'प्लग फिरवून बघा.' तेव्हापासून प्रत्येक तारेच्या टोकाला आणि मॉड्यूलच्या आतल्या बाजूच्या रुळाखाली लाल टिकली असते. लाल टिकली नेहमी आतल्या रुळाला. तुमच्या साडेतीन मीटरला एक तार पुरेल. पुढे वाढवलंत तर दर तीन-चार मीटरला एक, ही माझी सवय.

गाडी फिरून त्याच रुळावर उलट्या दिशेने परत येईल असा फास ९ व्होल्टला चालत नाही. डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो, तोही शॉर्टच. आणि ९ व्होल्टचा सांधा वीज तोडत नाही, दोन्ही फाटे कायम जिवंत. म्हणून बाजूच्या फाट्यावर उभी केलेली दुसरी गाडीही मुख्य गाडीबरोबर निघते आणि डब्यांना जाऊन धडकते. फाट्याच्या सुरुवातीच्या जोडावर एकाच रुळाच्या धातूच्या टोकाला पातळ चिकटपट्टी लावा आणि त्या भागाला स्विचमधून वेगळी तार द्या. २००६ नंतरचे पूर्ण प्लॅस्टिकचे रूळ याच मापाचे असतात, पण वीज तोडायला तसा अख्खा तुकडा घातला तर मोटरची सगळी चाकं त्यावर येतात आणि हळू चालणारी गाडी तिथेच अडकते.

चाळीसेक वर्षांचा ट्रान्सफॉर्मर थेट भिंतीत खुपसू नका. आधी वायर वाकवून बघा. आवरण ठिसूळ झालं असेल, तडे दिसत असतील, तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच बदलून घ्या. झाकण स्वतः उघडू नका. गणपतीत तो लहान मुलांच्या हाताशी ठेवायचा नाही, टेबलाखाली. सांध्यांची बटणं वर आणायला वायर वाढवता येते.

रूळ काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. पॉलिश पेपर नाही, तारेचा काथ्या तर मुळीच नाही, धातूचा थर पातळ असतो. चाकंही तशीच पुसा, रुळापेक्षा तीच जास्त घाण असतात. १२ व्होल्टच्या मोटरच्या चाकांवरचं रबर कडक झालं असेल तर गाडी नुसती जागेवर गरगरते. त्या मापाच्या रबरी रिंगा शोधा. आणि एक खास आपल्याकडची अडचण: कापूर, उदबत्ती, धूप. त्यांची काजळी रुळांवर बसते. मांडणी मूर्तीसमोर नको, हॉलच्या दुसऱ्या भिंतीला लावा, आणि दोन्ही आरत्यांनंतर फडकं फिरवा. मोटरी दोन आहेत तर पाळीपाळीने चालवा, तासभर एक आणि मग दुसरी. वेग मधलाच. रेग्युलेटर शेवटच्या खुणेवर ठेवला की सोळा वळणांपैकी एकावर इंजिन कधीतरी जमिनीवर जाणारच.

लाकूड कापायच्या आधी सगळे रूळ घरच्या फरशीवर टाकून दोन दिवस गाडी चालवून बघा. संगणकावर आखायचं असेल तर ब्लूब्रिक हे मोफत साधन आहे, त्यात दोन्ही पद्धतींचे रूळ मिळतात. तुमच्याकडे १२ व्होल्टचे सांधे डावे किती, उजवे किती, आणि त्यांतले विजेवरचे किती, तेवढं कळवा. तीन मॉड्यूलांवर ते कुठे बसतील ते त्यावरच ठरेल.