बारावीचं वर्ष, ब्लेंडर आणि दुतोंड्या मारुती

नाशिकच्या सिडकोतून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत, मुलगा यंदा बारावी सायन्सला, गणित घेऊन. वर्षभरापासून तो रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरसमोर असतो, आणि हे जागरण त्याच्या आईला पसंत नाही. एआयकडून चित्रं काढून घेतो, ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप अशा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पोस्टर आणि छोटे व्हिडिओ करतो. वडील विचारतात, यात करिअर आहे का? एका संस्थेने एक वर्षाच्या 'एआय आणि अ‍ॅनिमेशन' डिप्लोमाची एक लाख ऐंशी हजार फी सांगितली आहे, ती भरावी का? सव्वा लाखाचा गेमिंग लॅपटॉप घ्यावा का? आणि शेवटी, जरा संकोचून, हे सगळं फुकट मिळतं म्हणजे चोरीचं तर नाही ना? सोबत मुलाच्या कामाचं फोल्डर पाठवलं आहे.

नमस्कार,

संकोचून विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. नाही, हे चोरीचं नाही. ब्लेंडर हे नेदरलँड्सच्या टॉन रोझेंडाल यांचं थ्रीडी सॉफ्टवेअर. ते चालवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ मध्ये जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले, गुंतवणूकदारांकडून त्याचा कोड सोडवून घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. कोणीही वापरावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, त्यात केलेलं काम विकावं. क्रिटा आणि इंकस्केपलाही हीच मोकळीक आहे. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरमध्येच झालेला आहे. महागडी सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरणारी मुलं मी रोज बघते. तुमच्या मुलाने तो रस्ता धरला नाही, हे मनात ठेवा.

एआय मॉडेलांचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं असतं. स्टेबल डिफ्यूजन हे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढणारं मॉडेल २०२२ मध्ये आलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर चालवता येऊ लागलं, पण ते कशासाठी वापरायचं नाही याची यादी त्याच्या परवान्यातच दिलेली आहे. काही मॉडेलांच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मर्यादा आहेत. कोणाकडून पैसे घ्यायच्या आधी परवाना वाचायची सवय त्याला आत्ताच लागू द्या.

आता फोल्डर. ते मी निवांत बसून पाहिलं. त्यात निम्म्याहून जास्त एआयची चित्रं आहेत: ढोल वाजवणारा वाघ, चंद्रावर उतरलेला वासुदेव. बघायला मजा येते, पण करिअरच्या हिशेबात मी ती बाजूला ठेवली. त्यातलं एक चित्र १०२४ पिक्सेल रुंद आहे. ते दहा फुटी फ्लेक्सवर छापलं तर एका इंचाला जेमतेम साडेआठ पिक्सेल येतील. शिवाय 'वासुदेवाची टोपी तेवढी बदल' म्हटलं, तर पुन्हा काढताना टोपीबरोबर चेहराही बदलण्याची शक्यता मोठी. फ्लेक्सच्या दुकानात अर्धा तास उभे राहा. गिऱ्हाईक येतं ते बदल घेऊनच: नंबर चुकलाय, दादांचा फोटो मोठा करा, खालचं नाव वर घ्या. ज्याला हे करून देता येतं, त्याच्याकडे काम टिकतं.

त्याच फोल्डरमध्ये एक छोटा व्हिडिओ आहे, तो तुम्ही पाहिलात की नाही मला माहीत नाही. गोदावरीला पूर आलाय आणि दुतोंड्या मारुतीच्या पायांपासून पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागत जातं. पूर किती चढला हे नाशिककर याच मारुतीवरून सांगतात, त्यामुळे बघताना अंगावर येतं. व्हिडिओच्या शेजारी मुलाने एक टिपणांची फाइल ठेवली आहे. त्यात लिहिलंय, 'प्रत्येक वेळी वेगळा मारुती येतोय. एकालाही दोन तोंडं नाहीत.' पुढे, 'सीड तोच ठेवला तरी प्रॉम्प्ट बदलला की मूर्ती बदलते.' (सीड म्हणजे एआय चित्राची सुरुवात ज्यावरून करतं तो आकडा, प्रॉम्प्ट म्हणजे त्याला लिहून दिलेलं वर्णन.) मग त्याने एआय बाजूला ठेवलं, रामकुंडावर जाऊन मूर्तीचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि ते समोर ठेवून ब्लेंडरमध्ये मारुती स्वतः घडवला. पाण्याचं खरं सिम्युलेशन, म्हणजे पाणी कसं हलेल याचं गणित, त्याच्या चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डाला झेपेना, तेव्हा सपाट पृष्ठभागावर लाटा उठवणारं ब्लेंडरमधलं 'ओशन मॉडिफायर' लावून तो पृष्ठभागच हळूहळू वर चढवला. पाणी आधी निळं होतं, पुराचं पाणी निळं नसतं म्हणून गढूळ केलं. घाटावरचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ केला. एआयचं म्हणाल तर शेवटी मागचं ढगाळ आभाळ तेवढं उरलंय.

या मुलाला मी म्हटलं, 'पाणी गळ्यापर्यंत ने', तर तो नेऊ शकेल. फाइल त्याची आहे, प्रत्येक भाग वेगळा आहे, कुठे काय केलं हे त्याला ठाऊक आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या फाइलमध्ये आहे. सणाच्या शुभेच्छांची पोस्टरं आता ज्याचा तो फोनवर करतो, त्या कामावर घर चालेल असं मी कोणालाही सांगणार नाही. एआयने दिलेलं चित्र कुठे कमी पडतं हे ज्याच्या नजरेला दिसतं आणि पुढचं हाताने करता येतं, त्याच्यासाठी मात्र जाहिरात, गेम, वस्तूंची डिझाइन, शैक्षणिक व्हिडिओ, फॅक्टरीच्या उत्पादनांची थ्रीडी चित्रं असं बरंच आहे. तुमच्या अंबड-सातपूरच्या कंपन्यांनाही कॅटलॉग लागतोच.

फाळके स्मारक तुमच्यापासून लांब नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१२ मध्ये सिनेमासाठी भांडवल उभं करण्याआधी कुंडीत वाटाणा लावला, तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि 'अंकुराची वाढ' ही छोटीशी फिल्म करून दाखवली. पैसे देणाऱ्याला त्यांच्या हातात पूर्ण झालेलं काहीतरी दिसलं. तुमच्या मुलाच्या फोल्डरमधली बहुतेक कामं अर्धवट आहेत, याची मला जास्त काळजी वाटते. बारावीच्या वर्षात त्याने नवीन काही सुरू करू नये, दोन-तीन जुनी कामं तेवढी पूर्ण करावीत. प्रत्येकाखाली एक ओळ लिहावी: यात एआयचं काय, माझं काय. मुलाखतीत हे विचारतीलच आणि लपवलेलं कळतं.

नवीन कामाला अपवाद एकच: घरी एक परीक्षा घेऊन बघा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षवाले कोणी पाहुणे असतीलच. त्यांच्या पेटीचं लेबल त्याला करायला द्या, तारीख ठरवून. मराठी अक्षरं एआयकडून काढून घ्यायची नाहीत, जोडाक्षरं आणि वेलांट्या बिघडू शकतात. इंकस्केपमध्ये युनिकोड फॉन्टने टाइप करायची. मुक्ता, बालू असे चांगले मराठी फॉन्ट मोफत आहेत. पाहुण्यांना तीन वेळा बदल सांगू द्या. तिसऱ्या बदलाला तो चिडला आणि तरीही करून दिला, तर मला आनंद होईल. सोडून दिलं, तर हा छंद आहे. छंद म्हणूनही तो चांगलाच आहे, त्याला बंदी घालू नका.

डिप्लोमाची फी आत्ता भरू नका. ही सॉफ्टवेअर शिकवणारं साहित्य मोफत उपलब्ध आहे आणि तो शिकतोच आहे. बारावीनंतर त्याला पदवी हवी. पुढे कधी अशा संस्थेत गेलातच, तर भिंतीवरची पोस्टरं बघून येऊ नका. मागच्या वर्षीच्या मुलांच्या मूळ फाइल उघडून दाखवा म्हणा आणि फी परत मिळण्याचा नियम लेखी मागा.

लॅपटॉपही थांबवा. प्रवेश कुठे मिळतो त्यावर कोणतं मशीन लागेल ते ठरेल. आहे त्या डेस्कटॉपची रॅम सोळा जीबी करा, एसएसडी नसेल तर बसवा, एवढ्यावर वर्ष निघेल. चार जीबीच्या कार्डावर स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या आवृत्त्या चालतात. आभाळासाठी त्या पुरेत.

जागरणाबद्दल तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पटतं. रात्री अकराला कॉम्प्युटर बंद, शनिवार-रविवार दुपार त्याची. बोर्ड आणि सीईटी संपेपर्यंत एवढंच.

प्रवेशासाठी रस्ते दोन दिसतात आणि कोणता घ्यायचा हे त्याला एक प्रश्न विचारून कळेल: मारुती घडवताना जास्त रमलास की पाणी चढवताना? मूर्तीचा आकार, रंग, उजेड यात रमला असेल तर डिझाइन. आयआयटींच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी युसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी ती देऊ शकतो, लागोपाठच्या वर्षांत दोनदाच. परीक्षा जानेवारीत असते, अर्ज साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. त्यात एक भाग कागदावर हाताने चित्र काढण्याचा असतो, म्हणून आजपासून रोज अर्धा तास पेन्सिल. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट ही प्रवेशपरीक्षा आणि अप्लाइड आर्टसाठी राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा, हेही फॉर्म भरून ठेवा. पाणी कसं हलतं, गणित कुठे बदललं की लाट बदलते, यात रमला असेल तर एमएचटी-सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं आणि ब्लेंडरमध्ये पायथन या भाषेत प्रोग्राम लिहायला शिकावं. ग्राफिक्सची साधनं तयार करणारी माणसं बरीचशी याच वाटेने येतात.

त्याचं उत्तर मला कळवा. त्याने स्वतः लिहून पाठवलं तर जास्त बरं, सोबत लेबलची मूळ फाइलही जोडायला सांगा.