मोठी फ्रेम, पण काडतूस कोणतं?

प्रश्न : मोठ्या फ्रेमचं, म्हणजे मोठ्या सांगाड्याचं, रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरलंय. काम एवढंच, रेंजवर कागदी लक्ष्यांवर सराव. .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम की .४५ कोल्ट? मित्र म्हणतो, एवढी मोठी फ्रेम घेऊन .३५७ वापरणं म्हणजे हत्तीवर बसून भाजी आणायला जाणं.

उत्तर : मित्राला सांगा, .३५७ मॅग्नम १९३५ साली आलं तेच मुळी मोठ्या फ्रेममध्ये. फ्रेम आणि बॅरलची लांबी तीच ठेवली, तर .३५७चं हत्यार .४४पेक्षा थोडं जडच भरतं. नळीची आणि सिलिंडरची भोकं लहान, म्हणून पोलाद जास्त उरतं. हत्यार जड आणि काडतूस हलकं, त्यामुळे झटका निम्मा तिथेच जिरतो.

मी मात्र तुमच्या मित्राच्या जातीचा. पहिलंच मोठं रिव्हॉल्व्हर .४४ मॅग्नमचं घेतलं आणि पहिल्याच दिवशी पन्नासची पेटी संपवली. पुढे महिनाभर माझ्या गोळ्या लक्ष्याच्या खाली, डावीकडे. शेवटी आमच्या प्रशिक्षकांनी माझ्या नकळत सिलिंडरमध्ये दोन डमी काडतुसं सरकवली. घोडा पडला, बार झालाच नाही, पण नळीनं मात्र सगळ्यांदेखत मान खाली घातली. दचकण्याची सवय लागली होती!

मला सावरलं .४४ स्पेशलनं. हे १९०७चं काडतूस; .४४ मॅग्नम त्याचंच टरफल लांबवून केलेलं, म्हणून मॅग्नमच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) ते बिनदिक्कत बसतं. मॅग्नमची २४० ग्रेनची (साधारण साडेपंधरा ग्रॅमची) गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या पुढे जाते. स्पेशलची, जवळपास तेवढ्याच वजनाची, सव्वादोनशेच्या आसपास. तेच नातं .३५७ आणि .३८ स्पेशलचं. (.३८च्या गोळीचा व्यासही प्रत्यक्षात .३५७ इंचच असतो. नावांवर जाऊ नका.) तेव्हा कॅलिबर निवडताना मॅग्नम बघू नका, त्याचा धाकटा भाऊ बघा. शंभरातल्या नव्वद गोळ्या त्याच्याच झाडायच्या आहेत. फक्त आखूड काडतुसांनी चेंबरमध्ये काजळीचं कडं धरतं आणि मग लांब काडतूस अडकतं. ब्रश फिरवायचा आळस नको.

.४५ कोल्ट १८७३पासूनचं. जाड गोळी, कमी दाब, झटका ढकलल्यासारखा. मला फार आवडतं. पण त्याची काही जहाल काडतुसं ठरावीक भक्कम रिव्हॉल्व्हरसाठीच असतात, जुन्या हत्यारात घातली तर सिलिंडर फुटेल. रिकाम्या टरफलांत दारू-गोळी भरून काडतुसं घरीच तयार करत असाल तरच त्याच्या नादी लागा.

तुमच्यासाठी .३५७. खटका ओढून बघितल्याशिवाय मात्र घेऊ नका. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा हातानं न चढवता नुसता खटका ओढून बार काढताना, बोटाचं पेर खटक्यावर नीट पोचत नसेल, तर आधी लहान ग्रिप (मूठ) लावून बघा. तरीही पोचत नसेल, तर ती फ्रेमच तुमच्या हाताची नाही.