घरच्या घरी नैसर्गिक डिओडरंट कसा करायचा? खोबरेल आणि सोड्याची कृती उन्हाळ्यात का टिकत नाही?

तुम्ही लिहिलंय की इंटरनेटवर सगळीकडे दिसणारी कृती, म्हणजे खोबरेल तेल, खायचा सोडा आणि कॉर्नफ्लोअर, तशीच्या तशी केलीत; पण आठवड्याभरात डबीत सगळं पातळ झालं आणि वर काखेत आग व्हायला लागली. प्रमाणात तुमची काही गडबड नाही. ती कृती मुळात थंड हवेच्या देशांतली आहे. खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळतं. तिकडे घरात ते लोण्यासारखं घट्ट राहतं, म्हणून डबीतून बोटाने घेऊन लावता येतं. मी राहते अकोल्यात. इथे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा खोबरेलाची काय कथा!

कृतीकडे वळण्याआधी वास कुठून येतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे कशात काय घालायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत एका वेगळ्या प्रकारच्या घामग्रंथी असतात, त्यांच्या स्रावात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात. कातडीवरचे जिवाणू ते खातात, आणि त्यातून जी आम्लं आणि गंधकाची संयुगं तयार होतात त्यांचा तो वास. म्हणजे आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: जिवाणूंना वाढू न देणं आणि ओल कमी ठेवणं. घाम बंद करणं हे काम अँटिपर्स्पिरंटचं, ते घरात होत नाही. अकोल्याच्या उन्हात तर घाम यायलाच हवा, अंग गार राहतं त्यानेच.

आता सोडा. वासाची आम्लं तो मारतो, यात शंका नाही. पण आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5, आणि सोड्याचा पीएच 8 च्या वर. रोज काखेत, तेही घासून, ओलसर जागी, म्हटल्यावर बऱ्याच जणांना लाली येते, खाज सुटते, पुढे कातडी काळवंडते. आत्ता आग होत असेल तर काही दिवस सगळंच थांबवा. नुसत्या पाण्याने धुवा, नीट कोरडं करा. लिंबू चोळायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. लिंबाचा रस कातडीला जास्तच आम्ल पडतो, आणि रस लागलेल्या जागी ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग उठू शकतात.

मग करायचं काय? सगळ्यात सोपा उपाय तुमच्या घरात बहुतेक असेलच: तुरटी. न्हावी दाढीनंतर फिरवतो तोच खडा. अंघोळीनंतर काख ओली असतानाच खडा दोन-चार वेळा फिरवायचा, वाळू द्यायचं, मग कपडे घालायचे. इतकंच. खडा नको असेल तर 100 मिली कोमट पाण्यात 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, तुरटीची पूड विरघळवा, गाळा आणि फवाऱ्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. पाव भाग पाण्याऐवजी गुलाबपाणी घातलं तर छानच. धातूचं भांडं नको, तुरटीचं पाणी आम्ल असतं. थोडं थोडं करा, दर पंधरवड्याला नवं. तव्यावर फुलवलेली तुरटी यासाठी वापरू नका, आणि नुकतेच केस काढले असतील तर त्या दिवशी सुट्टी द्या, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. तुरटीचे खडे सुंदर वेष्टनात ‘ॲल्युमिनियमरहित’ म्हणून विकलेले मी पाहिलेत. तुरटी म्हणजेच पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. त्यात ॲल्युमिनियम नाही म्हणणं म्हणजे मिठात सोडियम नाही म्हणण्यासारखं आहे. अर्थात त्याने घाबरून जायचंही कारण नाही. डिओ आणि अँटिपर्स्पिरंटने स्तनाचा कर्करोग होतो असे निरोप व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतायत. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. ‘घामातून विष बाहेर पडतं, ते अडवू नका’ हेही तसंच. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी ॲल्युमिनियमचं काहीही रोज लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मी स्वतः घरी करते ते भीतीपोटी नाही. बाजारातल्या डिओचा उग्र वास मला सहन होत नाही, आणि हे स्वस्त पडतं.

तुम्हाला डबीतलं, बोटाने लावायचंच हवं असेल तर खोबरेलाचा जोडीदार शोधायला लागेल, आणि तो आपल्याच कोकणात आहे. कोकमाच्या बियांचं तेल. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे थंडीत भेगाळलेल्या टाचांना आणि ओठांना हेच लावत मी वाढले. तिकडे भिरंडेल म्हणतात, मुठेलही म्हणतात. बिया फोडून, वाटून, पाण्यात उकळतात, वर येणारं तेल काढतात आणि गार होताना मुठीत वळून त्याचे गोळे करतात. गोळा अगदी कडक, कारण हे तेल 38 ते 40 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे डबीत घट्ट राहतं, पण अंगावर चोळलं की विरघळतं. ‘कोकम बटर’ म्हणून शहरात मिळतं ते हेच, फक्त शुद्ध करून पांढरं केलेलं, वास काढलेलं.

माझं प्रमाण असं: कोकम तेल 20 ग्रॅम, खोबरेल 15 ग्रॅम, मधमाश्यांचं मेण 4 ग्रॅम, आरारूट 20 ग्रॅम. केमिस्टकडे झिंक ऑक्साइडची पूड मिळाली तर 5 ग्रॅम घाला. सोड्याची उणीव ती भरून काढते आणि झोंबत नाही. (अमेरिकेत 1888 साली ‘मम’ नावाने विकायला आलेला जगातला पहिला ब्रँडेड डिओ म्हणजेही मेणासारख्या क्रीममध्ये जस्ताचं संयुग. तेव्हा आपण काही फार नवं करत नाही आहोत.) बाजारातलं आरारूट पुष्कळदा कॉर्नफ्लोअरच असतं, पण इथे त्याने काही बिघडत नाही, पिठाचं काम फक्त ओल शोषणं.

पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर वाटीत आधी मेण, मग कोकम तेल, शेवटी खोबरेल वितळवा. थेट गॅसवर नको. खाली उतरवून आरारूट आणि झिंक चाळून घाला आणि कढी दाटायला लागते तसं दिसेपर्यंत ढवळत राहा. इथे घाई केली की पीठ तळाशी बसतं आणि वर नुसतं तेल. काचेच्या कोरड्या बरणीत ओता आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा; पटकन गोठलं की सगळं एकसारखं राहतं. नंतर बाहेर ठेवलं तरी चालतं. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये मेण 4 चं 7 ग्रॅम करते, तरी दुपारी बरणी मऊ पडतेच. पुण्यात किंवा नाशकात 4 पुरेल. पाणी अजिबात नसल्यामुळे हे बरेच महिने टिकतं, ओला हात मात्र घालू नका. एका काखेला हरभऱ्याच्या दाण्याएवढं घ्या. जास्त लावलं की पुरुषांच्या फिक्या शर्टांवर तेलकट डाग पडतात, आणि मग डिओ फुकटचा, साबण महाग.

सुवासासाठी टी ट्री किंवा लव्हेंडरचं तेल घालायचं तर वरच्या सगळ्या मिश्रणाला 10 थेंब पुष्कळ. जास्त थेंब म्हणजे जास्त परिणाम नव्हे, जास्त पुरळ. मला वाळा आवडतो. वाळ्याच्या मुळ्या खोबरेलात आठवडाभर मुरवून, गाळून तेच तेल वापरते. नागरमोथा, कपूरकचरी यांची उटण्यातली पूडही काहीजण घालतात. वास सुरेख येतो, पण बनियनवर तपकिरी छटा उतरते. हळद तर नकोच.

पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघा.

आणि तो उरलेला खायचा सोडा फेकू नका. बऱ्याचदा अंग स्वच्छ असतं आणि वास शर्टात बसलेला असतो, पॉलिएस्टरच्या तर नक्कीच. घाम आला की तोच परत जागा होतो, आणि आपण डिओला दोष देतो. धुण्याआधी शर्ट उलटा करून काखेच्या शिवणीवर सोड्याची ओली पेस्ट अर्धा तास लावून ठेवा, मग नेहमीसारखा धुवा आणि उन्हात वाळवा. हे सगळं करूनही वास जात नसेल, किंवा अचानक वेगळाच वास यायला लागला असेल, काखेत तपकिरी चट्टे दिसत असतील, तर घरगुती प्रयोग बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.