कच्ची एग्ज तशीच फ्रीझ केली तर पुढे त्यांच्या वाढीवर परिणाम होतो का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर आहे, केमोच्या आधी परवा पिकअप (अंडाशयातून बीजं बाहेर काढणं) आहे, आणि क्लिनिकच्या फॉर्मवर विचारलंय की कच्ची निघालेली बीजं तशीच फ्रीझ करायची का लॅबमध्ये मॅच्युअर करून मग. आणि तशीच केली तर पुढे बाळात काही दोष येईल का.

मी पुण्यातच एका आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे बीजं आणि एम्ब्रियो सांभाळणारी. माझं मत सरळ सांगते, आधी मॅच्युअर होऊ द्या, मग फ्रीझ करा. आता का ते.

पिकअपला निघालेली सगळी बीजं तयार नसतात, शंभरात पंधरा-वीस कच्ची असतातच, त्यात डॉक्टरांचं किंवा तुमच्या बहिणीचं काही चुकलेलं नसतं. तयार बीज म्हणजे एम-टू. त्याच्या आत क्रोमोसोम एका नाजूक स्पिंडलवर, म्हणजे बारीक धाग्यांच्या चौकटीवर, ओळीत लावलेले असतात. सगळ्यात कच्चं ते जीव्ही, त्यात क्रोमोसोम अजून केंद्रकाच्या पडद्याआड सुरक्षित असतात, स्पिंडल बनलेलंच नसतं. मधलं ते एम-वन. आता थंडीने स्पिंडल विस्कटतं, त्यामुळे पूर्वी लोकांना वाटायचं की मग जीव्हीच का फ्रीझ करू नये, मोडायला स्पिंडलच नाही! कागदावर एकदम बरोबर. 1986 मध्ये ऑस्ट्रेलियात फ्रोझन बीजापासून पहिलं बाळंतपण झालं, जुळी झाली, पण तेव्हाच्या हळूहळू गोठवायच्या पद्धतीत बीजं टिकतच नव्हती फारशी, म्हणून हा कच्च्याचा मार्ग बरेच जण चाचपत होते आणि 1998 मध्ये फ्रोझन जीव्हीपासून एक बाळ झाल्याचं छापूनही आलं.

अडचण अशी की बीज म्हणजे फक्त क्रोमोसोम नाहीत. भोवती क्युम्युलस पेशींचं आवरण असतं, त्या पेशी बारीक धाग्यांनी बीजाच्या आतपर्यंत जोडलेल्या असतात आणि कच्च्या बीजाला पिकायला लागणारं बरंचसं त्यांच्यातून जातं. फ्रीझिंगमध्ये हे धागे तुटतात. पेशी ठेवून फ्रीझ करावं तर क्रायोप्रोटेक्टंट (गोठताना बीजाला जपणारं औषध) आत सगळीकडे सारखं पोचत नाही, काढून करावं तर नंतर पिकायला आधार नाही, दोन्हीकडून पंचाईत. शिवाय कच्च्या बीजाचं आवरण पाणी आणि ही औषधं आतबाहेर करायला तितकं तयार नसतं, आणि आतली ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया वगैरे मंडळी अजून आपापल्या जागेवर गेलेली नसतात. म्हणून होतं काय, वितळवल्यावर जीव्ही दिसायला छान जिवंत दिसतं, पण एम-टूपर्यंत कमी पोचतात, पोचली तरी त्यांच्यात नंतर बनणारं स्पिंडल वेडंवाकडं असण्याचं प्रमाण जास्त, मग फर्टिलायझेशन कमी, आणि ब्लास्टोसिस्टपर्यंत (पाचव्या-सहाव्या दिवसाचा एम्ब्रियो) जाणारी तर अगदीच थोडी. कैरी आधी फ्रीजरमध्ये घातली आणि मग अढीत ठेवली तर ती पिकेल का, तसंच आहे हे.

आणि मुळात आता ती गरजच राहिली नाही. आताच्या झटपट गोठवायच्या पद्धतीत, म्हणजे व्हिट्रिफिकेशनमध्ये, बीज इतक्या झटक्यात उणे 196 डिग्रीला जातं की बर्फाचे स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, एम-टू उत्तम टिकतात, स्पिंडल वितळवल्यावर काही तासांत परत बनतं, वरचं कवच कडक होतं त्याला इक्सी (शुक्राणू सुईने थेट बीजात सोडणं) आहेच. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एएसआरएम या वंध्यत्व-उपचार डॉक्टरांच्या संस्थेने तयार बीजं फ्रीझ करण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला तो यामुळेच.

मग तुमच्या केसमध्ये काय, तर कच्ची बीजं इन्क्युबेटरमध्ये राहू द्यायची, एम-वन बहुतेक त्याच दिवशी किंवा रात्रीत होतात, जीव्हीला 24 ते 48 तास लागतात, जी एम-टू झाली ती फ्रीझ, बाकीची सोडून द्यायची. पण एक ऐका, ही मागाहून पिकलेली बीजं पहिल्या दिवशीच्या एम-टूच्या तोडीची नसतात. इतकी इंजेक्शनं, वर ट्रिगर (बीजं पिकवायचं शेवटचं इंजेक्शन) देऊनही जे मागे राहिलं त्याच्यात काहीतरी कमी असतंच बहुधा. त्यांना बोनस समजा, हिशोबात धरू नका. (इंजेक्शनं न देता लहान फॉलिकलमधून (अंडाशयातल्या बीजाच्या पिशवीतून) मुद्दाम कच्ची बीजं काढून पिकवतात ती आयव्हीएमची गोष्ट वेगळी, केमोला थांबायला वेळच नसेल तेव्हा ती कामाला येते, 2020 मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी ब्रेस्ट कॅन्सरच्या एका पेशंटला अशाच बीजापासून मूल झाल्याचं छापलंय. तिथेही क्रम तोच बरं का, आधी पिकवली, मग गोठवली.)

बाळाचं म्हणाल तर घाबरू नका. फ्रीझिंगमध्ये दुखावलेलं बीज बहुतेक वेळा आधीच थांबतं, फर्टिलाइझच होत नाही किंवा तिसऱ्या-पाचव्या दिवशी एम्ब्रियो अडकतो. तयार बीजं फ्रीझ करून झालेल्या बाळांमध्ये जन्मजात दोष वाढलेले दिसलेले नाहीत. कच्ची फ्रीझ करून झालेली बाळंच जगात इतकी थोडी आहेत की त्यावरून कोणी छातीठोकपणे काही सांगत असेल तर जरा जपून.

आणि आपल्याकडे हमखास विचारतात म्हणून, गुरुवारी लाईट गेली तरी गोठवलेली बीजं ठेवतात त्या द्रवरूप नायट्रोजनच्या टँकला काही होत नाही, तो विजेवर चालतच नाही, नायट्रोजन वेळेवर भरला की झालं.

तर फॉर्मवर ‘मॅच्युअर करून मग’ वर टिक करा, आणि पिकअपच्या दिवशी लॅबला सांगा की दुसऱ्या दिवशी पिकलेली बीजं वेगळ्या स्ट्रॉमध्ये (बीजं गोठवून ठेवायची बारीक नळी), तसं लेबल लावूनच ठेवा, आणि डिस्चार्ज पेपरवर दोन्हीचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. पाच-सात वर्षांनी तुमची बहीण कुठल्या गावात, कुठल्या क्लिनिकमध्ये असेल काय सांगावं, तिथल्या एम्ब्रियॉलॉजिस्टला आधी कुठली स्ट्रॉ काढायची ते त्या कागदावरूनच कळणार.