डिप्लोमॅटची बायको आणि कॅथलिक युनिव्हर्सिटीतली अधिकारी: माझ्या बॉसचं आयुष्य

तुम्ही विचारलंय की नवरा फॉरेन सर्व्हिसमध्ये असेल तर बायकोचं स्वतःचं असं काही उरतं का, आणि कॅथलिक युनिव्हर्सिटीत मोठ्या पदावर काम केलेल्या एका डिप्लोमॅटच्या बायकोबद्दल कुठेतरी वाचलं त्यावरून हा प्रश्न पडला. मी स्वतः डिप्लोमॅटची बायको नाही. पण अगदी अशाच एका बाईंच्या हाताखाली मी सात वर्षं काम केलंय, २००२ ते २००९, वॉशिंग्टनमधल्या एका कॅथलिक युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात. आधी विद्यार्थी म्हणून आठवड्याला वीस तास, मग पूर्णवेळ. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. मॅडम म्हणते.

मी वसईची, घरी कादोडी ही तिकडची बोली बोलणारी, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की मुंबईत कुठली, आणि मी नेहमीसारखं 'मुंबईजवळची' म्हटलं तर म्हणाल्या, जवळची म्हणजे नक्की कुठली, मी ब्रीच कॅन्डीला दोन वर्षं राहिलेय. १९६७ ते १९६९. तेव्हा अमेरिकन कॉन्सुलेट लिंकन हाऊसमध्ये होतं, म्हणजे पूर्वीचा वांकानेरच्या महाराजांचा बंगला, मागे समुद्र. ज्यांनी २०११ च्या आधी अमेरिकेचा व्हिसा काढलाय त्यांना ती जागा आणि बाहेरच्या फुटपाथवरची रांग चांगलीच आठवत असेल. मॅडम त्या भिंतीच्या आतल्या बाजूला, लॉनवर, हिल्स घालून चार चार तास उभ्या असायच्या.

हे उभं राहणं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं पार्ट्या, साड्या, झगमगाट. त्या काळात अमेरिकन फॉरेन सर्व्हिसमध्ये बायको म्हणजे फुकटातली दुसरी कर्मचारी. नव्या ठिकाणी पोचलं की आधी वरिष्ठांच्या बायकांना भेटून यायचं, घरी नसतील तर कार्डाचा कोपरा दुमडून ठेवून यायचं, म्हणजे स्वतः येऊन गेलो हे कळतं. पार्टीला पाहुण्यांच्या आधी पंधरा मिनिटं पोचायचं, आपल्याच लोकांत गप्पा मारत बसायचं नाही, एकट्या उभ्या असलेल्या माणसाला शोधून काढायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवऱ्याच्या वार्षिक रिपोर्टमध्ये बायकोबद्दलही शेरा असायचा, ती कशी वागते, पाहुण्यांचं करते का, त्यावर नवऱ्याचं प्रमोशन. पगार अर्थातच एकाला. बाई स्वतः ऑफिसर असेल आणि लग्न केलं तर तिने राजीनामा द्यायचा, हा तिथला शिरस्ता सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालला.

हे वाचून अमेरिकेला नावं ठेवायच्या आधी आपल्याकडचं बघा. सी. बी. मुथम्मा, कूर्गच्या, आपल्या फॉरेन सर्व्हिसमधल्या पहिल्या महिला, १९४९ मध्ये रुजू झाल्या, त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं की लग्न केलंस तर नोकरी सोडावी लागेल. १९६१ च्या नियमांत चक्क लिहिलेलं होतं की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा. पुरुषांना यातलं काहीच नाही. बढती नाकारली म्हणून त्या १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेल्या, केस चालू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली म्हणून अर्ज निकाली निघाला, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालात त्या नियमांची जी झडती घेतली ती मूळातून वाचावी अशी आहे. म्हणजे बघा, ऑफिसर बाईने लग्न करू नये आणि ऑफिसरच्या बायकोने फुकट राबावं, दोन्हीकडून घर चालवणारी बाईच धरलेली.

आता मॅडमच्या वहीकडे येते, कारण माझ्या मते त्यांचं सगळं आयुष्य त्या वहीत आहे. प्रत्येक पोस्टिंगला एक वही. त्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, नावाचा उच्चार, काय खातो काय खात नाही, मुलं किती, कोण आजारी, कोणाचा कोणाशी अबोला. मुंबईच्या वहीत त्यांनी जैन पाहुण्यांसाठी कांदा लसूण बटाटा नाही असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात, पारशी पाहुण्यांचे दोन वेगळे नवरोज लिहिलेत, आणि स्वयंपाकघरातल्या माणसांच्या मुलांच्या शाळेच्या फिया कधी भरायच्या त्याच्या तारखा. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्या नन्सच्या कॉलेजात शिकलेल्या. त्या म्हणायच्या की पन्नासच्या दशकात अमेरिकेत बाई कॉलेजची प्रेसिडेंट, बाई खजिनदार, बाई इमारतीचं कंत्राट देणारी, हे जास्त करून सिस्टर लोकांनी चालवलेल्या कॅथलिक महिला कॉलेजांत बघायला मिळायचं, बाकी बहुतेक ठिकाणी या खुर्च्यांवर पुरुष. वॉशिंग्टनचं ट्रिनिटी कॉलेज असंच, नोत्र दाम सिस्टर्सनी १८९७ मध्ये काढलेलं. मला हे ऐकून आमच्या वसईच्या सिस्टर आठवल्या, शाळेच्या हिशोबापासून विहिरीच्या पंपापर्यंत सगळं बघणाऱ्या, आणि आम्हाला त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

मिस्सेबद्दल, म्हणजे चर्चमधल्या उपासनेबद्दल, त्या एक सांगायच्या ते मला फार लागलं. पहिलं पोस्टिंग आफ्रिकेत, घानात अक्राला, तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये, त्यामुळे जगात कुठेही गेलं तरी रविवारी तास दीड तास तुम्ही घरी असता, तेच शब्द, तेच उठणं बसणं. मग दुसरी व्हॅटिकन कौन्सिल, म्हणजे जगभरच्या बिशपांची परिषद झाली, १९६२ ते १९६५, आणि मिस्सा लोकांच्या भाषेत आली. मुंबईत एकदा त्या मराठी मिस्सेला बसल्या, एक शब्द कळला नाही, पण आत्ता कुठे आलोय ते कळत होतं, आणि शेजारच्या बाईने हात धरला. माझ्या आजीचं नेमकं उलट होतं, तिने अर्धं आयुष्य लॅटिन प्रार्थना न कळता पाठ म्हटल्या आणि मराठीत मिस्सा सुरू झाली तेव्हा ती रडली होती. मी हे सांगितलं तर मॅडम बराच वेळ गप्प होत्या.

मुंबईनंतर ढाका. नोव्हेंबर १९७० चं चक्रीवादळ त्यांनी तिथे बघितलं, लाखो माणसं गेली, आणि मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली. एप्रिलमध्ये अमेरिकनांच्या बायकामुलांना बाहेर काढलं. दोन मुलं, एक बॅग, घरातली कामाची माणसं दारात उभी आणि त्यांचं पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नाही. त्या वहीची शेवटची पानं कोरी आहेत. यावर त्या कधीच जास्त बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मग जानेवारी १९७२. त्या वॉशिंग्टनला होत्या, आणि स्टेट डिपार्टमेंटचं परिपत्रक निघालं की अधिकाऱ्याची बायको ही स्वतंत्र खाजगी व्यक्ती आहे, ती सरकारची कर्मचारी नाही, तिच्याकडून काम मागायचं नाही आणि नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये तिच्याबद्दल लिहायचं नाही. तरुण बायका खूश. मॅडमना काय वाटलं माहितीये का, आनंद झालाच, पण त्याबरोबर असंही वाटलं की बारा वर्षं मी जे केलं ते काम होतं हे कोणी एका ओळीतही म्हटलं नाही, नुसतं आता करू नका एवढंच. त्यांच्या वयाच्या बऱ्याच बायकांना असंच वाटलं होतं. मला ही गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण बायकोला मोकळं करणं वेगळं आणि तिने केलेल्या कामाची किंमत करणं वेगळं. त्या दुसऱ्या गोष्टीला पुढे वेळ लागला. १९७८ मध्ये कुटुंबांसाठी फॅमिली लायझन ऑफिस निघालं, तेही फॉरेन सर्व्हिसमधल्या बायकांच्या संघटनेने लावून धरलं म्हणून, आणि १९८० च्या कायद्यात घटस्फोटित बायकोला, लग्न दहा वर्षं टिकलं असेल तर, नवऱ्याच्या पेन्शनमध्ये वाटा मिळाला. त्याआधी वीस पंचवीस वर्षं देशोदेशी फिरून घटस्फोट झालेल्या बाईच्या हातात काहीच नसायचं, मॅडमच्या एका मैत्रिणीचं असं झालेलं.

पुढे आणखी एक पोस्टिंग झालं आणि १९८२ मध्ये त्या कायमच्या परत आल्या, वय चव्वेचाळीस. एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेल्या तर समोरच्या माणसाने बायोडाटा बघून विचारलं की वीस वर्षं तुम्ही काय केलंत. त्यांना उत्तरच देता आलं नाही, घरी येऊन किचनमध्ये बसून राहिल्या. मग त्यांच्या कॉलेजच्या एका म्हाताऱ्या सिस्टरने त्यांना समोर बसवून तो बायोडाटा परत लिहायला लावला, इतक्या माणसांचा स्टाफ सांभाळला, इतक्या पाहुण्यांची व्यवस्था, इतकं बजेट, या या भाषा, वादळानंतरचं मदतकार्य, युद्धात कुटुंब घेऊन स्थलांतर. प्रत्येक ओळ खरी. तो कागद घेऊन त्या आमच्या युनिव्हर्सिटीत क्लार्क म्हणून लागल्या, हो क्लार्क म्हणूनच, आणि मी आले तेव्हा ऑफिसच्या डायरेक्टर होत्या.

आणि त्या खुर्चीवर त्यांनी तेच केलं जे लॉनवर केलं होतं. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक कार्ड, नावाचा उच्चार, घरी कोण, काय खातो, कधी रडला. कॉम्प्युटर आला तरी कार्ड राहिलं. जेझुइट लोकांत, म्हणजे शाळा कॉलेजं चालवणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघात, कूरा पर्सोनालिस म्हणतात, म्हणजे आख्ख्या माणसाची काळजी, नुसत्या त्याच्या मार्कांची नाही. कॅथलिक युनिव्हर्सिटी म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं धर्मांतर वगैरे, तिथे मी तसं काही बघितलं नाही. वर्गात क्रूस असतो, दुपारी मिस्सा असते, आणि त्याच कॉरिडॉरमध्ये रमझानला मुलांसाठी उशिरा जेवण ठेवलेलं असतं. जॉर्जटाऊन तर १७८९ चं जेझुइटांचं, तिथे १९९९ मध्ये पूर्णवेळ इमाम आणि २०१६ मध्ये हिंदू पुजारी नेमले.

२००३ चं वर्ष मी विसरणार नाही. २००१ च्या अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर सेव्हिस नावाची सिस्टिम आली, प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची माहिती सरकारला कळवायची, पत्ता बदलला, विषय कमी घेतले, सगळं, आणि आमच्याकडून एक चूक झाली तर मुलाचं अमेरिकेत राहण्याचं कायदेशीर स्टेटस जाणार. त्यात काही ठरावीक देशांच्या पुरुषांना, बहुतेक सगळे मुस्लिम देश, इमिग्रेशन ऑफिसात जाऊन बोटांचे ठसे, फोटो आणि चौकशी. बांगलादेशही त्यात होता. आमच्याकडचा एक मुलगा इतका घाबरलेला की जाईना. मॅडम पासष्टीच्या, थंडीत पहाटे त्याच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या, मीही होते. त्या त्याच्याशी ढाक्यात शिकलेलं मोडकंतोडकं बंगाली बोलत होत्या आणि तो हळूहळू हसायला लागला. आतल्या अधिकाऱ्याशी त्या ज्या पद्धतीने बोलल्या, आवाज न चढवता, एक पाऊल मागे न घेता, तिथे मला कळलं की ती वीस वर्षं कुठे गेली होती.

आता तुमच्या प्रश्नातला आजचा भाग थोडक्यात. १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे डिप्लोमॅटला स्वतःला त्या देशात कमाईचा धंदा करता येत नाही, बायकोला किंवा नवऱ्याला काम करायचं तर यजमान देशाची परवानगी लागते, त्यासाठी दोन देशांत करार असतात, भारताचेही बऱ्याच देशांशी आहेत. त्या नोकरीतून काही दिवाणी वाद झाला तर डिप्लोमॅटिक संरक्षण चालत नाही, हे आधी समजून घ्या. तीन वर्षांनी बदली होतेच, त्यामुळे शिकवणं, भाषांतर, युनिव्हर्सिटी ॲडमिन अशी कामं बरी पडतात. आणि पगार नसलेलं काम केलं तरी तारखा आणि आकडे लिहून ठेवा, लगेच, त्याच दिवशी. मॅडमचा बायोडाटा त्या वह्यांमुळेच परत उभा राहिला.

त्या २००९ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा मुंबईची वही त्यांनी मला दिली. सप्टेंबर १९६८ च्या पानावर बांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेचं लिहिलंय. तिथे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मिळतात, ज्याला जे हवं ते विकत घेऊन माउलीला वाहायचं. बरोबरच्या बायकांनी मेणबत्त्या घेतल्या, यांनी घर घेतलं, कारण लग्नाला आठ वर्षं झालेली आणि एकही घर स्वतःचं नव्हतं, पडदेसुद्धा सरकारी. वॉशिंग्टनमधलं छोटं विटांचं घर त्यांनी पुढे स्वतःच्या पगारातून हप्ते भरून घेतलं, हे मला त्यांनी तेव्हाच सांगितलं, आणि म्हणाल्या की घर मिळालं पण सांगायला परत जाणं झालंच नाही. मी म्हटलं आमच्याकडे याला नवस फेडायचा राहिला म्हणतात.

त्या पुढे फार वर्षं राहिल्या नाहीत. मी सप्टेंबरमध्ये आईला घेऊन बांद्र्याला गेले, टेकडीच्या पायथ्याच्या स्टॉलवर एक मेणाचं घर घेतलं, आणि आत माउलीपुढे ठेवताना त्यांचं पूर्ण नाव, त्यांना आवडायचं तसं नीट उच्चारून सांगितलं.