आश्रय मागायला आलेल्या पेशंटला दुभाष्यामार्फत आत्महत्येबद्दल कसं विचारायचं?

तुम्ही धारवाडला सायकियाट्रिक नर्सिंग करून आता इंग्लंडला मेंटल हेल्थ टीममध्ये जॉइन होताय, तिथं आश्रय मागायला आलेले पेशंट बरेच आहेत, आणि तुम्हाला भीती वाटते की जीव द्यायचं विचारलं तर त्यांच्या डोक्यात नसलेलं आपणच घालू. मी खानापूरची, तिकडं अशाच टीममध्ये काही वर्षं होते, आता बेळगावात काम करते, म्हणून लिहिते.

भीतीचं आधी सांगते. नाही घालत. ह्यावर भरपूर अभ्यास झालाय, सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांना हायसं वाटतं. गोल गोल विचारलं की उत्तर पण गोल गोलच येतं, आणि दुभाष्यातून जाऊन आणखी गोल होऊन येतं.

अडचण दुसरीकडंच आहे. आपल्या शेजारी मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे, ते निर्वासित असले तरी निदान आज इथं राहायचं हे त्यांना माहीत असतं, पण आश्रय मागणारा म्हणजे १९५१ च्या निर्वासित कराराखाली अर्ज टाकून निकालाची वाट बघत बसलेला माणूस, वर्षभर निकाल लागला नाही तर कुठं कामाची परवानगी मागता येते, राहायची जागा सरकार ठरवणार आणि मनात आलं की बदलणार. ह्या काळात प्रश्न विचारणारा प्रत्येक जण त्याला निकाल देणाऱ्यांपैकीच वाटतो. कुठून आलास, कुणी मारलं, कधी मारलं, मागच्या वेळी तारीख वेगळी का सांगितलीस. हे सगळं सोसून तो तुमच्यासमोर येतो आणि तुम्ही गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म घेऊन बसलेल्या. तो "नाही, असलं काही मनात नाही" म्हणणारच. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये, तहसीलदार ऑफिसात कानडी कागदावर अंगठा उठवताना आपली म्हातारी माणसं दहा वेळा विचारतात ना, ह्याचं पुढं काय होणार म्हणून.

म्हणून माझं सांगणं एवढंच की आत्महत्येचं विचारण्याआधी त्याचं उत्तर कुठं जाणार ते सांगा. मी नर्स आहे, तुमच्या अर्जाचा निकाल मी देत नाही, जे बोलाल ते आमच्या टीमच्या फायलीत राहील, निकाल देणारा अधिकारी ते आपणहून उघडून वाचू शकत नाही, पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी टीमला सांगणार, आणि सांगण्याआधी तुम्हाला सांगणार. कुणालाच सांगणार नाही असलं वचन देऊ नका, एकदा मोडलं की तो माणूस परत तोंड उघडत नाही. केसचं सगळं चांगलं होईल असंही म्हणू नका, ते आपल्या हातात नाही.

एक तरुण पोरगा होता, जॅकेट न काढता खुर्चीच्या कडेला बसायचा, पिशवीत सरकारी पाकिटं, काही फोडलेलीच नव्हती. प्रत्येक वेळी उत्तर "नाही". हे सगळं नीट सांगितल्यावर त्यानं दुभाष्याकडं बघून विचारलं की मी काय बोललो ते पोलिसांना कळतं का. त्याच्या देशात जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा होता. पाकिस्तानात तर २०२२ च्या शेवटापर्यंत होता, आणि आपल्याकडंही कलम ३०९ होतंच की, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायला सांगितलं तेव्हा कुठं सुटका झाली. पोलिसांचा ह्यात काही संबंध नाही हे कळल्यावर तो बोलला. आज मरायचं नव्हतं त्याला, निकाल विरोधात गेला तर काय करायचं ते ठरवून ठेवलेलं होतं. तेव्हा "आत्ता विचार येतो का" एवढ्यावर थांबू नका, "नकार आला तर काय कराल" हे पण विचारा.

असं बोलणाऱ्याला कुणी कुणी म्हणतात की हा दबाव टाकतोय, नाटक करतोय. हा संशय आपल्याकडं पण आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ गेलं पण सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न कलम २२६ मध्ये अजून गुन्हाच आहे. मला हा संशय दवाखान्यात अजिबात पटत नाही. निकालाशी जोडलेला विचारही खराच असतो आणि त्यानं माणूस खरोखरच जातो.

आता दुभाषी. घरचं माणूस कधीच नको. इथं एका ओपीडीत मी बघितलंय, डॉक्टर कानडीत विचारतायत, आईला फक्त मराठी येतं, मधे मुलगा. डॉक्टरांनी मरायचं विचारलं आणि मुलानं आईला ते विचारलंच नाही, आपणच उत्तर दिलं, "आई बरी हाय, जेवत न्हाई एवढंच." त्याचा काय दोष, आईला हे कुठला मुलगा विचारेल, त्यात आपल्याकडं 'धारवाडला नेलं' (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) म्हटलं की गल्लीभर होतं. तिकडं पगारी दुभाषी मिळतो, तो मागाच, पण त्याच गावचा, त्याच जमातीचा किंवा विरोधी पक्षाचा असला तर पेशंट गप्प बसतो, म्हणून कोण चालेल हे आधी पेशंटलाच विचारा, बाईला बाईच लागते बहुतेक वेळा. आत जाण्याआधी दुभाष्याला बाजूला घेऊन सांगा की आज मी मरणाचं सरळ विचारणार आहे, तुम्ही काही गाळू नका, सौम्य करू नका. बोलताना बघायचं पेशंटकडं, वाक्यं छोटी. सेशन झाल्यावर दुभाष्याला दोन मिनिटं द्या, छळाच्या गोष्टी त्याच्या पण तोंडातून गेलेल्या असतात आणि कधी कधी तो स्वतः तिथूनच पळून आलेला असतो.

धोक्याच्या तारखा फायलीत वर लिहून ठेवा. मुलाखत, निकाल, अपील (नकार आला तर साधारण १४ दिवसांत करावं लागतं), जागा बदलणं. जागा बदलली की डॉक्टर पण बदलतो, तेव्हा नव्या टीमला स्वतः फोन करा, नुसत्या पत्रावर सोडू नका. आणि मान्यता मिळाली म्हणून फाइल बंद करू नका, त्यानंतर सरकारी जागा सोडावी लागते आणि माणूस रस्त्यावर येऊ शकतो.

सेफ्टी प्लॅन, म्हणजे जीव द्यायचा विचार आला तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा ते, त्याच्या भाषेत लिहा, वाचता येत नसेल तर दुभाष्याच्या आवाजात त्याच्याच मोबाईलवर रेकॉर्ड करून द्या. घरच्यांचा नंबर घालताना विचारा की त्यांना हे माहीत आहे का, बरेच जण आईला "मस्त चाललंय" असंच सांगत असतात. रात्रीचं काय ते पण लिहा, तिकडं १११ लावून २ दाबलं की मानसिक आरोग्याची टीम मिळते, दुभाषी पाहिजे म्हणून भाषेचं नाव इंग्रजीत सांगायला त्याला शिकवा, समोर बसवून एकदा म्हणून घ्या. तुम्हालाच जायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर इथं टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास असते.